क्रॉसकटमधली धूळ हटत नाही: पंखा मोठा करायचा की अजून काही?

खाणकरी
मंडळी, भूमिगत मँगनीज खाणीतल्या एका आंधळ्या क्रॉसकटचा (धातुकाकडे जाणाऱ्या, एकच तोंड असलेल्या आडव्या बोगद्याचा) प्रश्न आहे. आधी मोजमापं देतो, म्हणजे मोघम बोलणं टळेल.

सेक्शन (बोगद्याचा छेद) ३ बाय ३ मीटर. लेव्हलपासून (त्या पातळीवरच्या मुख्य बोगद्यापासून) फेसपर्यंत (खोदकाम चालतं त्या टोकापर्यंत) ७० मीटर. वारा फोर्सिंग, म्हणजे पंखा ढकलतो आणि ६०० मिमी व्यासाच्या कॅनव्हास डक्टमधून (कापडी नळीतून) तो आत जातो. डक्टचं टोक फेसपासून १६ मीटर मागे, कारण त्याहून पुढे नेलं की ब्लास्टिंगमध्ये फाटतं. पंख्यापाशी ४.५ घनमीटर प्रतिसेकंद मिळतो, डक्टच्या टोकाला १.९. पंखा क्रॉसकटच्या तोंडाशीच बसवलाय. तोंडासमोरून लेव्हलमध्ये ५ घनमीटर प्रतिसेकंद वारा वाहतो.

ड्रिलिंग आणि लोडिंग चालू असताना टोपीच्या दिव्याचा झोत दुधाळ दिसतो आणि ब्लास्टनंतर बराच वेळ धूर-धूळ तशीच राहते. मोठ्या पंख्याची मागणी लिहिण्याआधी इथे विचारतोय.

वारामापक
मागणी थांबवा. तुमच्या आकड्यांतच दुखणी दिसतात आणि मोठ्या पंख्यानं त्यातलं एकही बरं होणार नाही.

गळती बघा. ४.५ पैकी १.९ पोचतो, म्हणजे ५८ टक्के वारा वाटेत सांडतोय. ७० मीटरच्या डक्टला हे फारच झालं. बहुतेक गळती जोडांवर असते: कॅनव्हासची दोन टोकं एकमेकांत खुपसून वरून तार आवळलेली. तारेनं कापड चुरगळतं आणि चुणीचुणीतून वारा सुटतो. जोडाला लोखंडी रिंग आणि रुंद पट्टीचा क्लॅम्प हवा. फाटलेल्या तुकड्याला ठिगळ आतून लावा, बाहेरून लावलेलं दाबानं उचकटतं. डक्ट सरळ ताणलेल्या तारेवर, दर दीड-दोन मीटरला हूक देऊन टांगा. झोल पडला की तिथे पाणी साचतं आणि डक्टचं तोंड अर्धं होतं. तोंडावरचं ९० अंशाचं वळण नुसतं कापड दुमडून घेतलं असेल तर तिथे पत्र्याचा एल्बो टाका.

आता टोक. फोर्सिंगचा झोत सेक्शनच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या साधारण पाचपट अंतरापर्यंत कामाचा. तुमचं क्षेत्रफळ ९, वर्गमूळ ३, म्हणजे १५ मीटर ही टोकाची मर्यादा, तीही झोत दमदार असेल तर. १६ मीटरवरून सोडलेला वारा फेसला न शिवताच परत फिरतो. फेसपुढची शे-दीडशे घनमीटर हवा जागच्या जागी घुमत राहते आणि ड्रिलर नेमका तिथे उभा. कोळसा खाणींच्या नियमांत डक्टचं टोक फेसपासून ४.५ मीटरच्या आत मागितलंय ते याचसाठी.

पंख्याची जागा तर सरळ चुकली आहे. क्रॉसकटमधून बाहेर येणारी मळकी हवा त्याच तोंडातून येते आणि पंखा तीच ओढतो. तो लेव्हलमध्ये, ताजा वारा येतो त्या अंगाला, तोंडापासून निदान ५ मीटर लांब न्या. समोरून जाणारा वारा पंख्याच्या ओढीच्या दीडपट तरी असावा. ४.५ ओढायचा तर ६.७५ हवा, तुमच्याकडे ५ आहे. काठावरचं काम आहे. मोठा पंखा ६ ओढायला लागला की तोच वारा गोल फिरणार हे ठरलेलं. स्मोक ट्यूब (धूर सोडणारी नळी) घेऊन तोंडाशी उभे राहा, धूर पंख्याकडे वळला तर कागदी हिशेबाची गरजच नाही.

शिवाय त्याच डक्टमधून दुप्पट वारा रेटायचा तर दाब चौपट आणि वीज आठपट. वाढलेल्या दाबानं गळतीही वाढते.

कोळसाबहाद्दर
वारामापक यांच्याशी सहमत. एक भर: गळती बंद केलीत की पंख्यापाशी मोजलेला आकडा *कमी* होईल, ४.५ चा ४ वगैरे. पाहून दचकू नका. भोकं बुजली म्हणजे पंख्यावरचा रोध वाढला. टोकाला ३.३-३.५ आला की काम झालं. पुष्कळ ठिकाणी फक्त पंख्यापाशी मोजून रजिस्टर भरतात, फेसला काय पोचलं याची नोंदच नसते.

खाणकरी
धन्यवाद दोघांना. क्रॉसकटमधून निघालेली हवा पुढे लेव्हलनं स्टोपकडे (धातुक काढतात त्या जागेकडे) जाते. तिथे लोक असतात.

वारामापक
मग तुमचा खरा आजार हा. क्रॉसकटची रिटर्न (परतीची हवा) ती स्टोपची इनटेक (आत येणारी हवा), म्हणजे एकानं वापरलेली हवा दुसऱ्याला. ढोबळ हिशेब असा:

लागणारा वारा = धुळीची निर्मिती ÷ (परवानगीची पातळी − येणाऱ्या हवेतली धूळ)

समजा स्टोपमध्ये श्वसनयोग्य धूळ सेकंदाला ४ मिलिग्रॅम तयार होते आणि गाठायची पातळी घनमीटरला १.५ मिलिग्रॅम आहे. येणाऱ्या हवेत ०.२ असेल तर ४ भागिले १.३, म्हणजे ३.१ घनमीटर प्रतिसेकंद पुरतो. येणारी हवाच ०.८ ची असेल तर ५.७ लागेल. १.२ असेल तर १३.३! म्हणून इनटेक स्वच्छ ठेवणं हे पंख्यापेक्षा स्वस्त. क्रॉसकटची हवा रेझमधून (वर जाणाऱ्या उभ्या मार्गातून) वरच्या लेव्हलच्या रिटर्नला टाकता येते का बघा. ते होईपर्यंत फेसवरचं ड्रिलिंग-लोडिंग आणि स्टोपमधली माणसं एका वेळी ठेवू नका.

गोंडाइट
खडकाबद्दल थोडं, कारण सगळी धूळ सारखी नसते. आपल्या नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात मँगनीज सौसर गटाच्या खडकांत आहे आणि सोबत गोंडाइट, म्हणजे स्पेसार्टाइन गार्नेट अधिक क्वार्ट्‌झ. बाजूला मायका शिस्ट आणि क्वार्ट्‌झाइट. धातुकात काम चाललंय तोवर मँगनीजची काळजी. क्रॉसकट हे तर धातुकापर्यंत पोचायला फुकट (धातू नसलेल्या) खडकातून काढलेलं असतं, म्हणजे तिथे क्वार्ट्‌झ भरपूर. तुमच्या खाणीत सर्वांत घातक धूळ बहुधा याच क्रॉसकटमध्ये आहे, आणि तीच स्टोपमध्ये चालली आहे.

या दोन्ही धुळींचे आजार खाण कायद्याखाली अधिसूचित आहेत: सिलिकोसिस (सिलिकेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) १९५२ पासून, मँगनीजची मज्जासंस्थेवरची विषबाधा १९५६ पासून.

अवांतर: 'थोडा वेळ थांबा, धूळ बसेल' हे वाक्य खाणीत सारखं कानावर पडतं. स्थिर हवेत क्वार्ट्‌झचा १० मायक्रॉनचा कण ३ मीटर खाली यायला सहा-सात मिनिटं घेतो. ५ मायक्रॉनचा सुमारे २५ मिनिटं. १ मायक्रॉनचा नऊ-दहा तास. फुप्फुसात खोलवर जाणारे ते हेच शेवटचे दोन. दिव्याच्या झोतात दिसणारी भरड धूळ बसली की आपल्याला हवा साफ वाटते, एवढंच.

ड्रिलमास्तर
सगळे वाऱ्यावरच घसरलात. धूळ उडायच्या आधी भिजली तर वाऱ्यावरचं ओझं कमी होतं. उडालेला बारीक कण पाण्याच्या थेंबानं पकडणं कठीण, थेंबाभोवतीची हवा त्याला बाजूला सारते. म्हणून पाणी कणाच्या जन्मस्थानीच हवं.

ड्रिलिंग: पाणी पोकळ रॉडमधून बिटच्या तोंडापर्यंत. मिनिटाला तीनेक लिटर तरी. आधी पाण्याचा कॉक, मग हवेचा. बंद करताना उलटा क्रम. पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा जरा कमी ठेवा, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरून तेल धुऊन काढतं आणि ड्रिलर वैतागून पाणीच बंद करतो. वॉटर ट्यूबचं सील झिजलं की कॉम्प्रेस्ड हवा पाण्याबरोबर भोकात जाते आणि बारीक धूळ फवाऱ्यासारखी बाहेर फेकते. पाणी चालू दिसतं पण धूळ कोरड्या ड्रिलिंगएवढी, असं झालं तर आधी ते सील बघा. भोकाचं तोंड धरताना (भोक सुरू करताना) पहिले चार-पाच इंच कोरडे मारायची सवय असते, सर्वांत जास्त धूळ ड्रिलरच्या तोंडावर तेव्हाच येते.

लोडिंग: ९ चौ.मी. फेस, दीड मीटर पुल (एका ब्लास्टनं फेस जितका पुढे सरकतो तो), म्हणजे साडेतेरा घनमीटर, साधारण ४० टन माल. वजनाच्या एक टक्का ओल द्यायची तर ४०० लिटर. मिनिटाला ४० लिटर देणाऱ्या होजनं दहा मिनिटांचं काम. पण एकदम ओतू नका. ढिगाची वरची चार बोटं भिजतात आणि आत कोरडं ठणठणीत. लोडर जसा ढीग खात जाईल तशी नवी बाजू भिजवत राहायची. ब्लास्टच्या आधी फेसपासून दहा-पंधरा मीटरपर्यंत भिंती आणि तळही धुवा, नाहीतर धक्क्यानं जुनी बसलेली धूळ परत उठते.

खाणकरी
ड्रिलमास्तर, भोकाच्या तोंडाचा मुद्दा नेमका आहे. आता डक्ट. ब्लास्टला फाटतं म्हणून टोक मागे ठेवलंय, ४.५ मीटरवर कसं टिकवायचं?

कोळसाबहाद्दर
शेवटचा १५-२० मीटरचा तुकडा सुटा ठेवा. ब्लास्टच्या आधी तो तारेवरून पडद्यासारखा मागे सरकवायचा, ब्लास्टनंतर मागून वारा येतो त्या अंगानं परत ओढून घ्यायचा. तार फेसपर्यंत आधीच ताणलेली असली की काम दोन मिनिटांचं. तार नसेल तर कोणी करत नाही.

आता माझा वेगळा सूर. फोर्सिंगमध्ये फेसची धूळ ७० मीटर क्रॉसकटभर परत येते, ट्रॅमिंगवाल्यांच्या (माल वाहणाऱ्यांच्या) नाकातून. एक्झॉस्ट करा, म्हणजे पंखा ढकलण्याऐवजी ओढेल: धूळ डक्टमध्ये, माणसं ताज्या हवेत. कोळशातल्या कंटिन्युअस मायनरवर (कोळसा कापणाऱ्या यंत्रावर) स्क्रबर (धूळ ओढून धुणारं उपकरण) असतो त्यामागे तत्त्व तेच.

वारामापक
नुसतं एक्झॉस्ट चालणार नाही. डक्टनं फुंकलेला झोत तीस व्यासांवर जाऊनही एक दशांश वेग राखतो, पण ओढणाऱ्या डक्टचा वेग एका व्यासावरच एक दशांश होतो. ६०० मिमी डक्ट म्हणजे तोंडापासून हातभर अंतरावर ओढ संपली. म्हणून एक्झॉस्टचं टोक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या दीडपटीत हवं, इथे ४.५ मीटर, आणि ते हलवायचा आळस केला की फेस मेला. त्यात मऊ कॅनव्हास ओढीनं चपटं होतं. स्पायरल तारेचं किंवा पत्र्याचं डक्ट लागेल. गॅसी कोळसा खाणीत पंख्यातून मिथेन जाणार हा आणखी वेगळा विचार.

७० मीटरच्या क्रॉसकटला फोर्सिंग नीट करणं पुरेल. लांबी वाढणार असेल तर दोन्ही मिळून: मुख्य डक्ट एक्झॉस्ट आणि फेसजवळ छोटा फोर्सिंग पंखा. दोन्ही डक्ट एकमेकांना निदान दहा मीटर ओव्हरलॅप करावेत आणि ओढणारा वारा ढकलणाऱ्यापेक्षा जास्तच असावा. ४.५ ओढताय, २.५ ढकलताय, तर ओव्हरलॅपमध्ये २ घनमीटर फेसकडे वाहतो, ९ चौ.मी. मध्ये ०.२२ मीटर प्रतिसेकंद. उलटं झालं, म्हणजे ढकलणारा भारी पडला, की धूळ एक्झॉस्टच्या तोंडाला वळसा घालून बाहेर येते आणि एवढा खटाटोप वाया. एक्झॉस्ट बंद पडला तर फोर्सिंग आपोआप बंद होईल असं इंटरलॉक घाला.

कोळसाबहाद्दर
दहा मीटर ओव्हरलॅप आणि इंटरलॉक, मान्य. पण लांब हेडिंगला (एकच तोंड असलेल्या बोगद्याला) नुसतं फोर्सिंग ठेवून 'नियमाप्रमाणे वारा आहे' म्हणणं मला पटत नाही. कोळशात डिस्ट्रिक्टच्या (खाणीच्या एका भागाच्या) शेवटच्या व्हेंटिलेशन कनेक्शनला माणशी ६ घनमीटर प्रतिमिनिट किंवा रोजच्या टनामागे २.५, यातलं जास्त ते, असा हिशेब आहे. ६० माणसं आणि ४०० टन असतील तर ३६० आणि १०००, म्हणून १००० लागू. हा वारा कनेक्शनपर्यंतचा झाला. तिथून फेसपर्यंत ब्रॅटिस (वारा वळवणारा कापडी पडदा) फाटकं असेल तर एसडीएलवाला (लोडर यंत्र चालवणारा) धूळच खातो.

आणि वेग वाढवायलाही हद्द आहे. दोन मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास ठीक. चारच्या वर गेलात की तळावरची कोरडी धूळ उचलायला लागते. हॉलेज रोडवर आणि इनटेकमधल्या बेल्टवर हे हमखास. बेल्ट आणि वारा एकाच दिशेला ठेवता आला तर दोघांच्या वेगातला फरक कमी होतो आणि धूळ कमी उडते.

गाळणी
धुळीचा आकडा कुठून आणता त्यावर सगळं अवलंबून, म्हणून मापनाबद्दल.

पर्सनल सँपलर, त्याचा सायक्लोन (भरड धूळ वेगळी काढणारा भाग) कॉलरपाशी, नाकापासून वीतभर. २.२ लिटर प्रतिमिनिटचा सायक्लोन आठ तास चालला तर १.०५६ घनमीटर हवा ओढतो. फिल्टरचं वजन १.९ मिलिग्रॅमनं वाढलं तर १.८ मिलिग्रॅम प्रतिघनमीटर. प्रवाह बदलला की सायक्लोनचं गाळणंही बदलतं: पंप मंदावला तर भरड कणही फिल्टरवर येतात. म्हणून प्रवाह शिफ्टच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासा, फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर नमुना बाद.

सायक्लोन उलटा झाला की खालच्या कपातली भरड धूळ फिल्टरवर सांडते. माणूस जेवायला बसला आणि जॅकेट काढून पालथं टाकलं, एवढं पुरतं. फिल्टरवर डोळ्यांना दिसणारे दाणे असतील तर तो आकडा वापरू नका. खाणीतली ओल फिल्टर पितो, त्यामुळे आधी-नंतरचं वजन एकाच आर्द्रतेत स्थिर केल्यावरच घ्या, सोबत कोरा फिल्टर ठेवा. तुमच्या क्रॉसकटला नुसतं वजन पुरणार नाही, फिल्टरवरची सिलिका एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा इन्फ्रारेडनं काढून घ्या.

वाऱ्याचंही तेच. टोकाला वेन ॲनिमोमीटर (फिरत्या पात्यांचं वेगमापक) मध्यभागी धरून एकच रीडिंग घेतलं तर आकडा फुगतो. पूर्ण तोंडावर सावकाश फिरवा, हात लांब, अंग बाजूला. फेसपाशी वेग इतका कमी असतो की वेन फिरतच नाही. तिथे स्मोक ट्यूब आणि घड्याळ.

पिट्सबर्गकर
मर्यादेबद्दल छोटी भर. आपल्याकडे कोळशासाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं सूत्र: सिलिका ५ टक्क्यांपर्यंत असेल तर घनमीटरला ३ मिलिग्रॅम, त्याहून जास्त असेल तर १५ भागिले सिलिकेची टक्केवारी. १० टक्क्यांना १.५, ३० टक्क्यांना ०.५. गणित उलटं केलं तर दिसेल की ५ टक्क्यांपुढे हवेतली सिलिका कायम ०.१५ मिलिग्रॅम येते. अमेरिकेत कोळशाच्या धुळीची मर्यादा ऑगस्ट २०१६ पासून १.५ आहे आणि खाणींतल्या सिलिकेसाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमात ०.०५, म्हणजे त्या ०.१५ च्या एक तृतीयांश. क्वार्ट्‌झवाल्या क्रॉसकटचं डिझाइन करताना कायद्याची मर्यादा हे लक्ष्य धरू नका, त्याच्या बरंच खाली राहा.

खाणकरी
मास्कबद्दल कोणीच बोललं नाही.

गाळणी
मुद्दाम. ओला रुमाल पाच मायक्रॉनच्या खालचं जवळजवळ काहीच अडवत नाही, तो विषय बंद. पी२ किंवा एन९५ दर्जाचा मास्क द्या, पण दाढीवर तो बसत नाही, आणि उकाड्यात जॅकहॅमर धरलेला माणूस शिफ्टभर तो ठेवणार नाही. ड्रिलिंगला तोंड धरताना, ढीग भिजेपर्यंत, डक्ट जोडेपर्यंत, अशा मोजक्या वेळांना तो खरा उपयोगी.

खाणकरी
शेवटचं विचारतो. या महिन्यात काय करावं, आहे त्या सामानात? आणि ब्लास्टनंतर किती वेळ थांबायचं?

वारामापक
पंखा हलवा, ते सर्वांत आधी, तोवर बाकीची मापनं फसवी आहेत. मग जोड आणि एल्बो. टोकाची तार. ड्रिलचं पाणी ड्रिलमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे, ते या सगळ्याबरोबरच होईल. हे झाल्यावर टोकाला ३.३ आला असं धरू, म्हणजे सेक्शनमध्ये ०.३७ मीटर प्रतिसेकंद. अर्धा मीटर हवा असेल तर टोकाला ४.५ लागेल आणि त्यासाठी पंखा बदलण्याआधी डक्ट ७५० मिमी करा: त्याच वाऱ्याला दाब एक तृतीयांश लागतो. पण मग पंख्याची ओढ पाचाच्या घरात जाईल, आणि समोरून जाणारा ५ पुरणार नाही. आधी लेव्हलचा वारा वाढवावा लागेल, मागची फुटकी स्टॉपिंग (वारा अडवायच्या भिंती) आणि उघडी राहणारी दारं बघा.

थांबायचा वेळ: क्रॉसकटची हवा ६३० घनमीटर. शंभराव्या हिश्श्यावर आणायला १.९ वाऱ्यानं २५ मिनिटं, ३.३ नं १५. हे हवा पूर्ण मिसळते असं धरून. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा. टोक १६ मीटरवर असताना तर हे गणित लागूच नाही. आणि हे सगळं नंतरचं, गॅसची तपासणी करून पाळीच्या जबाबदार माणसानं आत सोडल्याशिवाय कोणी जायचं नाही.

ड्रिलमास्तर
स्टोपचा ओअर पास (माल खाली टाकायचा उभा मार्ग) या लेव्हलला उघडतो का? उघडत असेल तर वरून माल टाकला की पडणारा ढीग हवा पिस्टनसारखी खाली दाबतो आणि धुळीचा लोट खालच्या तोंडातून लेव्हलमध्ये येतो. पास कधी पूर्ण रिकामा करू नका, चुटच्या (पासच्या खालच्या तोंडाच्या) वर काही मीटर माल कायम राहू द्या. वरच्या ग्रिझलीवर (तोंडावरच्या लोखंडी जाळीवर) जुन्या बेल्टच्या पट्ट्यांचा पडदा लावा आणि टाकण्याआधी मालावर फवारा मारा. मात्र मातकट माल असेल तर पाणी हात राखून, पास तुंबला की तो मोकळा करणं धुळीपेक्षा धोक्याचं.

खाणकरी
उघडतो, पंख्याच्या नव्या जागेपासून वीसेक मीटरवर, वारा येतो त्या अंगाला.

ड्रिलमास्तर
मग पंखा तिथे नेण्याआधी चुटला झाकण बसवा. नाहीतर पासची सगळी धूळ पंखा उचलून फेसला पोचवेल. झाकण होईपर्यंत फेसवर माणसं असताना वरून टिपिंग बंद.